पांढऱ्या गाडीतून गेलेली दोघं

हे मी इकडून तिकडून कानावर आलेलं सांगत नाहीये. ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या दोघांनी मला ते वेगवेगळं बसून सांगितलंय. एकीने माझ्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याने माझ्या गॅलरीत. दोघांच्या सांगण्यात कुठेही फरक नाही.

एक जागा सोडून. ती जागा आली की सांगते.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं आपण धरून चालतो. ही तशी नाही. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा. डोक्यावर लख्ख ऊन, रस्त्यावर रहदारी, अवतीभवती माणसं.

आणि तरीही...

चिमी माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू ती पहिल्या झटक्यात बसवते. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. नव्हता.

कॉलेजात तिचं आणि लंबूचं तीन वर्षं जमलं होतं. लंबू म्हणजे सहा फूट दोन इंच उंची आणि अंगावर मांस औषधाला नाही. कुठेही आत शिरताना मान झुकवायची त्याला सवय. दार कितीही उंच असो, हा मान झुकवणारच. चिमी त्यावरून त्याची खूप खेचायची.

शेवटची परीक्षा झाली आणि दोघांनी गुपचूप दोन दिवस कुठेतरी जायचं ठरवलं. डोंगरातलं एक तळ्याकाठचं गाव. बसने चार तास. घरी थाप मारली की चिमी माझ्याकडे राहायला येतेय. त्या थापेत मीही सामील होते. तिकडे थंडी असते म्हणून माझा निळा स्वेटर मीच तिला दिला. त्याच्या उजव्या बाहीवर इस्त्रीने करपल्याचा डाग आहे, म्हणून मी तो घालत नव्हते.

सकाळी सहाला बसस्थानकावर भेटायचं ठरलं होतं. चिमी पावणेसहालाच पोचली. बाकावर बसली. साडेदहापर्यंत बसून राहिली.

लंबू आला नाही. फोन बंद.

ती थेट माझ्याकडे आली. बॅग कोपऱ्यात टाकली, स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, विषय संपला."

आणि विषय खरंच संपला. त्याने पुन्हा फोन केला नाही. हिने केला नाही. दोघंही सारखेच, नाकावर माशी बसू न देणारे.

याला दोन वर्षं झाली.

मग तो गुरुवार आला. चिमीच्या दुकानाच्या मालकांनी एका शाळेतल्या मुलांसाठी फुकट चष्मे करून दिले होते. एकशे ऐंशी चष्मे. ते तिकडे पोचवायचे आणि एकेका मुलाच्या नाकावर नीट बसवून द्यायचे. काम अर्थातच चिमीकडे आलं. शाळा कुठे आहे ते तिने दोनदा विचारून घेतलं. तेच गाव. तेच तळं. पण मालकांना काय सांगणार?

दुकानाच्या नेहमीच्या ड्रायव्हरची आदल्या दिवशी पाठ धरली. मालकांनी फोनाफोनी करून कुठूनतरी एक मालवाहू व्हॅन ठरवली. सातच्या ठोक्याला ती दुकानासमोर येऊन थांबली. दार उघडलं आणि आतून मान झुकवून एक उंच माणूस उतरला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही एकदमच खोकी उचलायला घेतली.

कॉलेजनंतर लंबूने काकांची व्हॅन चालवायला घेतली होती, हे चिमीला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती आजारी पडली असती.

मागे सगळी खोकी. बसायला जागा एकच, त्याच्या शेजारी. पहिला तासभर कुणी तोंड उघडलं नाही. एका वळणावर लंबूने इंडिकेटरच्या जागी वायपर चालू केला. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. वायपर खर्र खर्र करत कोरड्या काचेवर फिरत राहिला आणि तो कसा बंद करायचा हेच त्याला आठवेना. चिमीने हसू दाबायला तोंड खिडकीकडे फिरवलं.

आणि तेव्हाच तिला मागून आवाज आला...

टक.

चष्म्याची डबी बंद होताना येतो तसा. हा आवाज चिमी झोपेतही ओळखेल. दिवसातून शंभर वेळा ऐकते ती तो.

पण खोक्यांना टेप लावलेला होता. तिने स्वतः लावलेला. आतल्या डब्या एकमेकींना घट्ट चिकटून बसवल्या होत्या. उघडायलाच जागा नाही, तर बंद काय होणार?

थोड्या वेळाने पुन्हा...

टक.

"काय वाजतंय?" लंबूने विचारलं. दोन वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द.

"काही नाही," चिमी म्हणाली. हे तिचे पहिले.

नऊच्या सुमाराला एका टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून लंबूने रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानापाशी व्हॅन थांबवली. पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या टायरांची चवड. पंक्चरवाले साठीचे असतील. हवा भरता भरता त्यांनी मान वर केली. चिमीला पाहिलं आणि ओळखीचं हसले.

म्हणाले, आज गाडी बदलली वाटतं. मागच्या वेळी पांढरी होती.

चिमीने सांगितलं की तुम्ही दुसऱ्या कुणाशी गल्लत करताय, मी या रस्त्याने आयुष्यात पहिल्यांदा येतेय. त्यांनी हात पुसले. डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"ताई, हे तुम्हीच करून दिलंत ना? दोन वर्षं झाली. जरा म्हणून हललं नाही."

चष्म्याच्या एका काडीचा स्क्रू गेलेला होता. त्या जागी काळा दोरा गुंडाळलेला. सात वेढे, आठवा उलटा, आणि गाठ सुटू नये म्हणून वर नेलपॉलिशचा एक थेंब. फिकट जांभळा.

हा चिमीचा स्वतःचा प्रकार. तिला कुणी शिकवलेला नाही, तिने कुणाला शिकवलेला नाही. आणि कॉलेज संपलं त्या वर्षी ती फिकट जांभळंच नेलपॉलिश लावायची.

 तिने चष्मा पटकन परत दिला.

पंक्चरवाले आपले सांगतच होते. ती दोघं सकाळी सकाळी आली होती, चाक बसलं होतं, तास दीड तास इथेच होती. ताईंची हसून हसून मुरकुंडी वळत होती. नेमका त्याच दिवशी त्यांना नातू झाला, म्हणून तारीखसुद्धा लक्षात होती. त्यांनी ती सांगितली.

ज्या दिवशी चिमी बाकावर बसून होती, तीच तारीख.

मग त्यांनी लंबूकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"हे साहेब मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. मी पाणी दिलं. तर नुसता पेला हातात धरून बसले. जाताना तसाच भरलेला परत दिला."

दोघं व्हॅनमध्ये येऊन बसली. काही अंतर गेल्यावर लंबूने व्हॅन कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मात्र काढले नाहीत.

"त्या दिवशी तू कुणाबरोबर गेलीस?" त्याने विचारलं.

चिमीचं टाळकंच सरकलं. दोन वर्षं साठवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. ती कुणाबरोबर गेली? पावणेपाच तास बाकावर कोण बसलं होतं? झाडूवाली तीनदा झाडून गेली, तिनेही शेवटी विचारलं, कुणाची वाट बघतेस गं? आणि हा आता तोंड वर करून विचारतोय, कुणाबरोबर गेलीस?

लंबूने सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं.

त्या दिवशी त्याला उशीर झाला होता. फार नाही, दहा मिनिटं. धावत रस्त्यापलीकडे पोचला तर समोर चिमी दिसली. निळा स्वेटर, तपकिरी बॅग. रस्ता ओलांडणार तेवढ्यात तिच्यापुढे एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. एक माणूस उतरला. त्याने तिची बॅग मागे ठेवली. ती त्याच्याकडे बघून हसली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. लंबूने तिथूनच फोन लावला. वाजत राहिला, तिने घेतला नाही. मग त्याने स्वतःचा फोन बंद केला तो तीन दिवस उघडलाच नाही.

"माझा फोन वाजलाच नाही," चिमी म्हणाली.

मग तिने विचारलं,

"तो माणूस कसा होता दिसायला?"

"पाठमोरा होता. तोंड दिसलं नाही." त्याने समोरच्या काचेकडे पाहिलं. "पण गाडीत बसताना त्याने मान झुकवली, चिमे."

बाहेरून एक ट्रक गेला. व्हॅन हलली. मागे कुठेतरी टक झालं, आणि या वेळी दोघांपैकी कुणीही काही विचारलं नाही.

चिमी मला म्हणाली, ताई, मी घाबरायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा आला होता. उशिरा का होईना, आला होता. दोन वर्षं ज्या रागावर मी जगले त्याला उभं राहायला जागाच उरली नाही.

"तू आला होतास?" तिने पुन्हा विचारलं.

"आलो होतो."

तिने डोळे पुसले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, आणि ती प्यायल्यावर स्वतः उरलेलं सगळं पाणी गटागटा संपवलं. परत फिरायचा विषय निघाला. पण शाळेत एकशे ऐंशी मुलं वाट बघत होती, आणि त्यातली निम्मी आज पहिल्यांदाच फळा नीट वाचणार होती. परत जाऊन मालकांना काय सांगायचं? पुढेच जायचं ठरलं.

शाळेत सगळं छान पार पडलं. मुलं ओळीने यायची, चिमी चष्मा चढवायची, कानामागे काडी वाकवायची. लंबू नावं वाचून डब्या हातात देत होता. एका पोराने चष्मा लावून लंबूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, हे काका खरंच एवढे उंच आहेत की काचेमुळे दिसतायत? सगळा वर्ग हसला. चिमीसुद्धा. सकाळपासून पहिल्यांदा ती मोकळेपणाने हसली.

शेवटचं खोकं उरलं. टेप जसाच्या तसा. खोकं कोरडं. त्यातली शेवटची डबी लंबूने तिच्या हातात ठेवली आणि तिला ती जड वाटली.

तिने उघडली...

आत काठोकाठ पाणी.

थंडगार, स्वच्छ पाणी. त्यात बुडालेला चष्मा. आणि काडीला गुंडाळलेला शेवाळाचा एक हिरवा धागा.

समोर उभ्या असलेल्या मुलीला तिने कसंबसं सांगितलं की तुझ्या चष्म्यात थोडी खोट राहिली, मी दुसरा करून पाठवते. मुलगी रडवेली झाली. चिमीने डबी बंद केली. मागे जाऊन तिने ती झाडाच्या मुळाशी रिकामी केली.

अडीच वाजले होते. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांच्या जेवणाची सोय तळ्याकाठच्या लॉजवर केली होती. गावात दुसरीकडे कुठे जेवण मिळत नव्हतं. लंबू म्हणाला, उपाशी जाऊ, पण तिकडे नको. चिमी हट्टाला पेटली. तिला काय ते एकदाचं बघायचं होतं.

लॉज म्हणजे बैठं घर. सहा खोल्या, पुढे लांब ओसरी. ओसरीच्या पायऱ्यांपासून पन्नास पावलांवर पाणी. पाणी इतकं स्तब्ध की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा. काठावर एक पाखरू नाही.

लॉज चालवणाऱ्या काकू धुतलेल्या ताटांची चळत घेऊन बाहेर आल्या. चिमीला पाहिलं आणि थांबल्या. ताटं पडली नाहीत. त्यांनी ती सावकाश जमिनीवर ठेवली, एक हात भिंतीला लावला आणि तिथेच ताटांशेजारी खाली बसल्या. चिमी म्हणते, ताटं पडली असती, मोठा आवाज झाला असता, तर बरं झालं असतं.

"कुठे होतीस गं बाळ इतके दिवस?" काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी चार दिवस तळ्यात माणसं उतरवली होती."

काकूंनी जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ती दोघं पांढऱ्या गाडीने आली. कोपऱ्यातली शेवटची खोली घेतली. पोरगी बोलकी, लाघवी. काकूंबरोबर स्वयंपाकघरात गप्पा मारत बसली. पोरगा एक शब्द बोलायचा नाही, त्याचं ताट जसं जायचं तसं परत यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं पाण्याकडे फिरायला गेली.

तो एकटा परत आला.

काकूंच्या मिस्टरांनी विचारलं, ताई कुठे? तो म्हणाला, येईल. गाडीत बसला आणि निघून गेला. बॅगही नेली नाही. रात्रभर वाट पाहून सकाळी त्यांनी पोलिसांना बोलावलं. रजिस्टरमधला फोन नंबर लावून पाहिला, तर त्यात नऊच आकडे होते. दिलेल्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. अशी कुणी मुलगी हरवल्याची तक्रारही कुठे नव्हती. तळ्यात काही सापडलं नाही.

काकूंनी रजिस्टर आणलं. चिमीने तिथलं अक्षर पाहिलं. तिचं स्वतःचं होतं, खालची सही लंबूची. तो जवळ येऊन वाकून बघायला लागला तशा काकू बसल्या जागी मागे सरकल्या.

मग त्यांनी कपाटातून बॅग काढली. तपकिरी बॅग. तशीच चिमीच्या घरी माळ्यावर पडलेली आहे. चेन गंजली होती, जोर लावून उघडावी लागली. आत एक फणी, दोन ड्रेस...

आणि निळा स्वेटर. उजव्या बाहीवर करपल्याचा डाग.

तो स्वेटर माझ्याकडे आहे हो. माझ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात. चिमीने सांगितलं त्या रात्री मी तिच्यादेखत काढून पाहिला. आहे.

जेवण कुणाच्याच घशाखाली उतरलं नाही. लंबू उठून व्हॅनकडे गेला. तो गेल्याबरोबर काकूंनी चिमीचं मनगट धरून तिला आत ओढलं. मनगट सोडलं नाही, नाडी बघावी तसं दाबून धरलं.

"हात गरम आहे तुझा," त्या पुटपुटल्या. "ऐक माझं. तू कोण आहेस मला कळत नाही, पण तू जिवंत आहेस. त्याच्याबरोबर जाऊ नकोस. सव्वापाचला कोपऱ्यावरून बस आहे. मी स्वतः बसवून देते."

चिमीने खिडकीतून बाहेर पाहिलं. लंबू फडक्याने व्हॅनची काच पुसत होता. पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा पुसत होता.

तीन वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो हाच. दोन वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तोही हाच. आणि त्या पाण्यापाशी जो कुणी तिला घेऊन गेला होता, तो...

ती पायऱ्या उतरून त्याच्याकडे गेली. बस आहे म्हणून सांगायला तिने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"तू बसने जा."

तिने विचारलं, का?

"काकू माझ्याकडे कशा बघतात ते दिसतंय मला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच पाहिलं असतं. माझा माझ्यावर विश्वास आहे, चिमे, पण तू ठेवायलाच हवास असं नाही. मी बसच्या मागे मागे व्हॅन आणतो. लांबून."

चिमी बराच वेळ उभी राहिली. सव्वापाच वाजले. कोपऱ्यावर बस येऊन थांबली आणि हॉर्न वाजवून तशीच निघून गेली.

चिमीने काकूंना आपला फोन नंबर लिहून दिला. पूर्ण दहा आकडी. आणि व्हॅनचं दार उघडून लंबूच्या शेजारी जाऊन बसली. नंतर मी तिला विचारलं, कशी काय बसलीस गं? ती म्हणाली, ज्याला मला पाण्यात न्यायचं असेल, तो मला बसने जा म्हणून का सांगेल?

गावातून बाहेर पडताना रस्ता दोनेक किलोमीटर तळ्याच्या कडेकडेने जातो. ऊन उतरलं होतं. पाण्यावर तांबूस उजेड. खिडक्या त्यांनी वर घेतल्या होत्या. मागे आता रिकामी खोकी, तरीही आवाज नाही. इंजिनाचा तेवढा.

शेवटच्या वळणावर ती दिसली...

पांढरी गाडी.

रस्ता सोडून खाली, पाण्याला लागून उभी. पुढची दोन्ही दारं सताड उघडी. इंजिन चालू. काच कोरडी, आणि वायपर इकडून तिकडे फिरतोय. आत कुणी नाही. काठावर कुणी नाही.

लंबूचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"थांबवू नकोस," चिमी म्हणाली.

आणि ही ती जागा. इथे दोघांचं सांगणं वेगळं होतं.

चिमी म्हणते, पाण्याकडून तिला हाक आली. लंबूच्या आवाजात. स्पष्ट, प्रेमाने मारलेली. "चिमे, ये ना. थांबलोय मी." तिने शेजारी पाहिलं. लंबूचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिचा हात दाराच्या कडीवर गेला होता, कधी गेला ते तिला कळलं नाही. तो तिने उचलला आणि लंबूच्या गिअरवरच्या हातावर दाबून ठेवला.

लंबू म्हणतो, कसली हाक? हाक नव्हतीच. त्याला रडणं ऐकू येत होतं. पाण्याच्या आतून येतं तसं, दबकं. आणि ते चिमीचं होतं. त्याला गाडी थांबवून धावत जायचं होतं. पण चिमीचा हात त्याच्या हातावर होता, आणि तो गरम होता. म्हणून त्याने पाय ब्रेकवरून काढला.

मागे पांढऱ्या गाडीचं इंजिन त्यांना वळण संपेपर्यंत ऐकू येत होतं. मग बंद झालं. गाडीचं दार आपटल्याचा आवाज झाला. एक. आणि थोड्या वेळाने, दुसरा.

दोघांपैकी कुणीही आरशात पाहिलं नाही.

दीड वर्षानंतर त्यांनी लग्न केलं. मी होते लग्नाला. लंबूसारखा नवरा शोधून सापडणार नाही. हिच्या डोक्याला तेल लावून देतो, सासूबाईंच्या म्हणजे माझ्या मावशीच्या औषधाच्या वेळा पाळतो. त्या रस्त्याला दोघं पुन्हा फिरकली नाहीत. शाळेतल्या त्या मुलीचा चष्मा चिमीने टपालाने पाठवला. मला वाटलं, झालं, निभावलं.

पाच आठवड्यांपूर्वी लंबूला सणकून ताप आला. चिमी सुट्टी घेऊन त्याच्या उशाशी बसली होती, कपाळावर पट्ट्या ठेवत. दुपारी फोन वाजला. लॉजच्या काकू. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, तुझा नवरा कुठे आहे?

चिमीने सांगितलं, इथेच आहे, माझ्यासमोर झोपलाय.

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

"मग इथे कोण आलंय गं?" काकूंनी विचारलं.

एकटाच आलाय, म्हणाल्या. तीच कोपऱ्यातली खोली मागितली. त्यांनी भीत भीत विचारलं, बरोबर कुणी नाही? तर त्यांच्याकडे न बघता म्हणाला, ती मागून येतेय.

तो अजून तिथेच आहे. दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसतो. पाण्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. काकूंची त्याला जा म्हणायची हिंमत होत नाही. दर गुरुवारी त्या चिमीला फोन करतात आणि एवढंच सांगतात, अजून आहे.

लंबूला यातलं काही माहीत नाही. चिमीने मला शपथ घातलीय. तो अधूनमधून माझ्याकडे येतो, नेहमीसारखी थट्टामस्करी करतो, चहा पितो. आणि तो गेल्यावर मी कप उचलून बघते, रिकामा आहे ना. लाज वाटते मला स्वतःची. पण बघते.

परवा मी मुद्दाम चिमीच्या दुकानात गेले. ती मागे बसून एक काच घासत होती. मी म्हटलं, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? त्या बाईंचा नंबर ब्लॉक करून टाक. त्यांचं ऐकणंही नको आणि विचार करणंही नको.

तिने काच उजेडाकडे धरून पाहिली. पुन्हा चाकाला लावली. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

"ताई, तो तिथे बसलाय तोवर ठीक आहे," ती म्हणाली. "तिथून निघाला, तर मला कळायला नको का?"